ट्रान्सप्लांट होणाऱ्या मुलाची ‘लाइन’: सोलापूरच्या पालकांसाठी सुरुवातीपासूनची माहिती

रक्ताचा कॅन्सर, न्यूरोब्लास्टोमा, थॅलेसेमिया, अप्लास्टिक ॲनिमिया अशा एखाद्या आजारासाठी मुलाचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट ठरलं, की घरात बोलणं सुरू होतं ते पैशाचं, दाता कोण होणार याचं आणि रजा कशी मिळणार याचं. ते साहजिक आहे. पण पुढचे काही महिने मुलाच्या अंगावर चोवीस तास असणार आहे ती मोठ्या शिरेत घातलेली एक नळी. हॉस्पिटलमध्ये सगळे तिला ‘लाइन’ म्हणतात. केमो, रक्त, प्लेटलेट, अँटिबायोटिक, रोजच्या तपासणीचं रक्त आणि शेवटी खुद्द स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, हे सगळं त्या लाइनमधूनच जातं-येतं.

दोन गोष्टी अगदी सुरुवातीलाच ठरवून टाका. एक, कोणती लाइन घालायची हे बोलणं पहिल्या-दुसऱ्या भेटीतच करायचं, भूल देण्याच्या दिवशी सकाळी नाही. दुसरी, घरातल्या एका माणसाने ही लाइन आपली म्हणून सांभाळायची. आई, बाबा, आत्या, मामा, कुणीही चालेल, पण कुणीतरी एकच. जबाबदारी चौघांत वाटली की ‘तुम्ही क्लॅम्प (नळी बंद ठेवणारी चिमटी) बघितला असेल असं वाटलं’ असं म्हणायची वेळ येते.

पहिली पायरी: नळी कोणत्या कामासाठी, हे समजून घ्या

स्टेम सेल गोळा करणं आणि ट्रान्सप्लांट करणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हींना लागणारी नळी वेगळी असू शकते. बहुतेक पालकांचा गोंधळ इथेच होतो.

गोळा करताना मुलाचं (दाता वेगळा असेल तर दात्याचं) रक्त एका यंत्रातून फिरवतात. यंत्र स्टेम सेल वेगळे काढून घेतं आणि बाकीचं रक्त परत देतं. याला ॲफेरेसिस म्हणतात. म्हणजे एका मार्गाने रक्त सतत आणि जोरात ओढलं जातं, दुसऱ्या मार्गाने परत येतं. त्यासाठी दोन मार्ग असलेली, जाड आणि ताठ भिंतीची नळी लागते. मऊ, बारीक नळीने उसाचा रस जोरात ओढला की नळीच चपटी होते आणि रस येत नाही, तसंच बारीक लाइनचं होतं. यंत्र अडतं, अलार्म वाजत राहतो आणि मूल तासन्‌तास अडकून पडतं.

ट्रान्सप्लांटच्या वेळी इतका जोर लागत नाही. तिथे लागते ती आठवड्यानुआठवडे टिकणारी, जंतुसंसर्गाला कमी वाव देणारी आणि एकाच वेळी दोन-तीन औषधं वेगवेगळ्या मार्गांनी देता येणारी लाइन.

आता नळ्यांचे प्रकार बघू.

हातावर लावतात ती साधी सलाईनची सुई, म्हणजे इंट्राकॅथ, या कामाला पुरत नाही. अपवाद मोठ्या मुलांचा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या कोपराजवळच्या शिरा चांगल्या असतील, तर दोन्ही हातांत सुया लावून गोळा करणं जमू शकतं. तसं जमत असेल तर लाइन टळते, म्हणून विचारून बघा.

पिक लाइन दंडाच्या शिरेतून आत सरकवतात. औषधांसाठी ती सोयीची, पण बारीक असल्यामुळे ॲफेरेसिसला चालत नाही.

केमो पोर्ट कातडीखाली बसवलेला असतो, बाहेर काही लोंबत नाही. केमोच्या महिन्यांत तो फार सुखाचा. अनेक मुलांना तो आधीच बसवलेला असतो आणि पालकांना वाटतं, आता दुसरी नळी कशाला? पण पोर्टमधून स्टेम सेल गोळा करण्याइतका रक्ताचा वेग बहुधा मिळत नाही, आणि ट्रान्सप्लांटच्या गर्दीत एकच मार्ग पुरत नाही. त्यामुळे पोर्ट असूनही वेगळी लाइन सुचवली तर त्यात वावगं काही नाही. पोर्ट ठेवायचा की काढायचा, हे मात्र त्याच वेळी विचारा. काढायचाच असेल तर नवी लाइन घालताना त्याच भुलीत निघू शकतो.

हिकमन लाइन ही ट्रान्सप्लांटची नेहमीची लाइन. १९७३ साली ब्रोव्हिॲक नावाची नळी आली. तिचं छिद्र मोठं करून सिएटलच्या डॉ. रॉबर्ट हिकमन यांनी १९७९ मध्ये ट्रान्सप्लांटच्या रुग्णांसाठी ही नळी पुढे आणली. ही मानेजवळच्या शिरेत जाते आणि कातडीखालून काही अंतर चालत छातीवर बाहेर येते. कातडीखालच्या भागात नळीभोवती कापडासारखा एक छोटा पट्टा असतो. तीन-चार आठवड्यांत शरीराची ऊती त्या पट्ट्यात रुजते, लाइन पक्की बसते आणि बाहेरच्या जंतूंना आत शिरायला अडथळा होतो. तोवर ती टाक्यांवरच टिकून असते, म्हणून पहिला महिना सगळ्यात जपायचा.

शेवटचा प्रकार डायलिसिससारख्या ताठ, दोन मार्गांच्या कॅथेटरचा, म्हणजे नळीचा. ॲफेरेसिससाठी हाच चांगला. याचा तात्पुरता प्रकार मानेत किंवा जांघेत घालतात आणि गोळा करणं संपलं की एक-दोन दिवसांत काढतात. जांघेत असेल तर मुलाला बिछान्यातच राहावं लागतं, पाय दुमडून बसता येत नाही. उड्या मारणाऱ्या चार वर्षांच्या लेकराला हे आधी समजावून सांगावं लागतं. काही ठिकाणी याचाच कातडीखालून नेलेला, टिकाऊ प्रकार घालून गोळा करणं आणि ट्रान्सप्लांट दोन्ही त्याच नळीवर करतात. ज्या मुलाचे स्वतःचेच स्टेम सेल वापरायचे आहेत, त्याच्यासाठी हा प्रश्न मी आवर्जून विचारायला सांगेन: ‘एकाच लाइनवर दोन्ही कामं होतील का, की दोनदा भूल द्यावी लागेल?’ उत्तर मुलाच्या वजनावर आणि शिरांवर अवलंबून असतं, पण प्रश्न विचारला की डॉक्टर आखणी उलगडून सांगतात.

नळीची जाडी ‘फ्रेंच’ या मापात सांगतात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. ९ फ्रेंचची लाइन बाहेरून ३ मिलिमीटर जाड. हा आकडा आणि मार्ग किती, हे वहीत लिहून ठेवा. पुढे फार कामाला येतं.

आणि दाता भाऊ किंवा बहीण असेल तर? लहान दात्याच्या कमरेच्या हाडातून भूल देऊन मॅरो काढतात तेव्हा मोठी लाइन लागत नाही. दात्याच्या रक्तातून स्टेम सेल घ्यायचे ठरले आणि मूल लहान असेल, तरच तात्पुरत्या कॅथेटरचा विषय येतो. ते मूल धडधाकट आहे. त्याच्या मानेत किंवा जांघेत नळी घालायची असेल तर कारण नीट समजून घेतल्याशिवाय सही करू नका. घरातले सगळे आजारी लेकराकडे बघत असतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

दुसरी पायरी: कुठे जायचं आणि सोबत काय न्यायचं

सोलापूरहून ट्रान्सप्लांटसाठी लोक साधारण पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठतात. भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालं. टाटाचं ट्रान्सप्लांटचं काम आता खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये चालतं, आणि बोरिवलीला मुंबई महापालिकेचं थॅलेसेमिया आणि मुलांच्या ट्रान्सप्लांटचं केंद्र आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या ज्या घरांत तेलुगू बोलतात, त्यांना हैदराबाद भाषेच्या आणि नातेवाइकांच्या दृष्टीने सोपं जातं. महिना-दोन महिने राहायचं असतं, तेव्हा ही गोष्ट लहान नाही.

पुण्याला हुतात्मा एक्स्प्रेस, मुंबईला रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. कॅन्सर आणि थॅलेसेमियाच्या रुग्णाला उपचारासाठीच्या प्रवासात सोबत्यासह रेल्वेची भाडेसवलत आहे. तिचा फॉर्म उपचार करणाऱ्या हॉस्पिटलमधून भरून घ्यायचा. थॅलेसेमियासाठी कोल इंडियाची २०१७ पासूनची ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजना’ ठरावीक हॉस्पिटलांत ट्रान्सप्लांटला १० लाखांपर्यंत मदत करते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. इस्टिमेट घेताना लाइन, ती घालण्याचं ऑपरेशन आणि ॲफेरेसिसचा किट धरलाय का, हेही विचारा.

तिसरी पायरी: लाइन घालण्याचा दिवस

मुलांना लाइन भूल देऊन घालतात. किती तास उपाशी ठेवायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील. साधारण जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी. ‘एक घास चालतो’ असं आजीने म्हटलं तरी द्यायचा नाही. पोटातलं भुलीत फुप्फुसात जाऊ शकतं.

प्लेटलेट कमी असतील तर आधी चढवतात. बरेच डॉक्टर ५० हजारांच्या वर असावेत असं बघतात. सोनोग्राफीने शीर बघत नळी घालतात, उजव्या बाजूची मानेची शीर सरळ हृदयाकडे जाते म्हणून तिला पहिली पसंती असते, आणि टोक बरोबर जागी आहे का ते एक्स-रेवर तपासतात. सहीच्या कागदावर रक्तस्राव, फुप्फुसाला इजा, जंतुसंसर्ग, शिरेत गुठळी असे धोके लिहिलेले असतात. वाचून घाबरायला होतं, पण न वाचता सही करण्यापेक्षा वाचून विचारलेलं बरं. पाठीतलं पाणी किंवा मॅरोची तपासणी बाकी असेल तर ‘याच भुलीत होईल का?’ असं विचारा.

मुलाला आधी सांगा, त्याच्या वयाला झेपेल तसं. ‘दुखणार नाही’ असं खोटं सांगू नका. ‘तू झोपशील, उठशील तेव्हा इथे एक नळी असेल, थोडं दुखेल, मग रोज सुई टोचावी लागणार नाही’ एवढं खरं सांगितलं की मूल सहकार्य करतं. नवसाचा गंडा, ताईत, गळ्यातली साखळी घरूनच काढून या. लाइनभोवती अडकणारी कुठलीही दोरी नको. श्रद्धेचा ताईत हातात बांधला तरी चालतो का, ते सिस्टरांना विचारा.

चौथी पायरी: स्टेम सेल गोळा करण्याचे दिवस

आधी चार-पाच दिवस जीसीएसएफची इंजेक्शनं देतात, बहुधा दर किलोला १० मायक्रोग्रॅम या हिशेबाने. मॅरोतले स्टेम सेल रक्तात उतरावेत म्हणून. हाडं, कंबर दुखते, मूल कुरकुरतं. मग रक्तात ‘सीडी ३४’ पेशी (तपासणीत स्टेम सेल या नावाने मोजतात) किती आल्या ते बघून यंत्र लावतात. मुलाच्या स्वतःच्या ट्रान्सप्लांटला वजनाच्या दर किलोला किमान २० लाख पेशी हव्यात, ५० लाख मिळाल्या तर उत्तम. एका दिवसात नाही जमल्या तर दुसऱ्या दिवशी परत. त्यात मुलाची किंवा तुमची काही चूक नसते. ज्यांचे आधी बरेच केमो झालेत, त्यांच्या पेशी हळू उतरतात.

लहान मुलांत एक हिशेब वेगळा असतो. मुलाच्या अंगात दर किलोला साधारण ७५ मिलि रक्त धरतात. १२ किलोच्या मुलात सुमारे ९०० मिलि. यंत्राच्या नळ्यांतच २०० ते ३०० मिलि रक्त मावतं. एवढं एकदम बाहेर गेलं तर मूल खचेल. म्हणून कमी वजनाच्या मुलासाठी यंत्र आधी रक्तपेढीच्या रक्ताने भरून घेतात. ते रक्त पांढऱ्या पेशी गाळलेलं आणि किरणोत्सर्ग दिलेलं असावं लागतं, त्यामुळे रक्ताची सोय आदल्या दिवशीच झाली आहे का, ते बघा.

यंत्रात रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं. मोठी मुलं सांगतात, ओठाला मुंग्या येतात, बोटं झिणझिणतात. लहान मूल सांगू शकत नाही, ते गप्प होतं किंवा चिडतं, पोटात दुखतं म्हणतं, उलटी करतं. तुमच्या मुलाचा चेहरा तुम्हालाच सगळ्यांत आधी कळतो, म्हणून लगेच सिस्टरांना सांगा. कॅल्शियम दिलं आणि यंत्राचा वेग कमी केला की बरं वाटतं.

हे काम चार ते सहा तास चालतं. मोबाइलवर कार्टून भरून न्या, आवडीचं पांघरूण न्या, अंग गार पडतं.

एक गोष्ट इथे ठळक लिहून ठेवा. ॲफेरेसिसच्या कॅथेटरमध्ये काम झाल्यावर रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन भरून ठेवतात, आणि ते बऱ्याचदा फार तीव्र असतं, मिलिला १००० युनिट किंवा जास्त. हिकमनमध्ये ते साधारण १० ते १०० युनिट असतं. तीव्र हेपॅरिन पुढच्या वापराआधी ओढून बाहेर टाकायचं असतं, आत ढकलायचं नसतं. ट्रान्सप्लांट वॉर्डातल्या सिस्टरांना हे पाठ असतं. गावाकडच्या दवाखान्यात ही लाइन सहसा कुणी बघितलेली नसते, म्हणून तुम्हाला माहीत हवं.

पाचवी पायरी: वॉर्डात

लाइनला हात लावणारा प्रत्येक माणूस आधी हात धुणार, हातमोजे घालणार आणि नळीच्या टोकाची कॅप किमान १५ सेकंद घासून पुसणार, मग सुकू देणार. ‘सिस्टर, कॅप पुसली का?’ असं नम्रपणे विचारायला लाजू नका. चांगली सिस्टर रागावत नाही.

पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी बदलतात, गॉजचं दोन दिवसांनी. ओलं झालं, सुटलं, मळलं तर लगेच. फ्लश करताना, म्हणजे सिरिंजने नळी धुऊन काढताना, १० मिलिची किंवा मोठी सिरिंज वापरतात, कारण लहान सिरिंजचा दाब जास्त पडतो आणि नळी फाटू शकते. फ्लश अडला तर जोर लावायचा नाही.

दात्याच्या पेशी दिल्या असतील आणि मुलाला सायक्लोस्पोरिन सुरू असेल, तर ते कोणत्या मार्गातून देतात ते लक्षात ठेवा. हे औषध नळीच्या आतल्या भिंतीला चिकटून राहतं. त्याच मार्गातून रक्त काढून लेव्हल तपासली तर आकडा खोटा वाढीव येतो आणि डोस चुकीचा कमी होऊ शकतो. त्या मार्गाला खूण करून ठेवतात. तपासणीचं रक्त दुसऱ्या मार्गातून.

सहावी पायरी: सोलापुरात, घरी

इथे मी सगळ्यांत जास्त थांबणार आहे, कारण वॉर्डात लाइन सांभाळायला माणसं असतात आणि घरी फक्त तुम्ही.

पाणी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांचं पाणी बॅरलमध्ये, टाकीत साठवतो. ते पाणी लाइनच्या तोंडाला आणि ड्रेसिंगला लागता कामा नये. मुलाला बादलीत, टबात बसवायचं नाही, डोक्यावरून तांब्या ओतायचा नाही. छातीचा भाग झाकून उकळून कोमट केलेल्या पाण्याने अंग पुसून घ्यायचं. विहिरीत, तलावात पोहणं लाइन निघेपर्यंत बंद. हात धुवायला मात्र साठवलेलं पाणी आणि साबण चालतो, हात नीट कोरडे करून मग सॅनिटायझर.

घाम. मार्च संपला की पारा चाळिशीकडे जातो आणि ड्रेसिंगच्या कडा सुटायला लागतात. पातळ सुती बंडी घाला, खोली हवेशीर ठेवा, कुलर असेल तर त्याचं पाणी रोज बदला आणि झोत थेट मुलावर नको. सुटलेल्या कडेवर घरातली चिकटपट्टी लावून वेळ मारून नेऊ नका, ड्रेसिंग बदलून घ्या.

घरात माग असेल किंवा शेजारी यंत्रमाग चालत असतील, तर मुलाची खोली त्या बाजूला नको. सुताची कुसळं हवेत असतात आणि ड्रेसिंग बदलताना ती नको असतात. ड्रेसिंगच्या वेळी पंखा बंद, दार बंद, सगळ्यांच्या तोंडाला मास्क.

लाइन लोंबती ठेवू नका. वळसा घालून छातीला चिकटवा किंवा सुती कापडाची छोटी पिशवी शिवून बंडीच्या आत अडकवा. अशा दोन-तीन पिशव्या शिवून ठेवा, रोज धुतलेली वापरा. क्लॅम्प नेहमी बंद. लाइनच्या जवळपास कात्री आणू नका, अगदी पट्टी कापायलाही.

हळद, तेल, अंगारा, भस्म काही लावायचं नाही. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटचा अंगारा कुणी श्रद्धेने आणला तर देव्हाऱ्यात ठेवा. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला जायचा मुलाचा हट्ट असेल, तर काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) आणि डॉक्टरांचा सल्ला दोन्ही बघितल्याशिवाय नाही.

आता ताप. हा भाग फ्रिजवर लावून ठेवा.

३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, ताप आला किंवा लाइन फ्लश केल्यावर अर्ध्या-एक तासात थंडी वाजून अंग कापू लागलं, तर तो लाइनमधला जंतुसंसर्ग असू शकतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात ‘ऊन लागलं असेल’ म्हणून पायाला कांदा चोळत, पट्ट्या ठेवत सकाळपर्यंत वाट बघायची सवय आहे. लाइन असलेल्या मुलाबाबत ही वाट बघणं जिवावर बेतू शकतं. आधी पॅरासिटामॉल देऊन ताप दाबू नका, ताप मोजा, ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन करा आणि लगेच निघा. पुण्याला नाही, आधी सोलापुरातल्याच हॉस्पिटलला. पुणे अडीचशे किलोमीटर, आणि अँटिबायोटिक हॉस्पिटलला पोचल्यापासून तासाभरात सुरू व्हायला हवं. त्याआधी लाइनच्या प्रत्येक मार्गातून ब्लड कल्चर, म्हणजे जंतू शोधण्यासाठीचं रक्त, घ्यायचं असतं.

म्हणून डिस्चार्ज घेण्याआधीच सोलापुरातलं एक हॉस्पिटल ठरवा, तिथल्या बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांकडून पत्र घ्या. पत्रात लाइनचा प्रकार, मार्ग किती, फ्रेंच किती, कधी घातली, हेपॅरिन किती तीव्र, फ्लश कसा, कोणत्या औषधाची ॲलर्जी, रक्त द्यायचं तर किरणोत्सर्ग दिलेलंच, तापात कोणतं अँटिबायोटिक आणि रात्रीचा फोन नंबर. पत्राचा फोटो घरातल्या तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

नळी फाटली किंवा कॅप निघाली तर: फाटलेल्या जागेच्या वर, मुलाच्या अंगाच्या बाजूला क्लॅम्प लावा, क्लॅम्प नसेल तर नळी दुमडून घट्ट धरा, आणि निघा. मूल एकदम धापा टाकू लागलं तर हवा आत गेली असावी. डाव्या कुशीवर, डोकं खाली करून झोपवा आणि १०८ ला फोन करा. लाइन उपसून आली तर स्वच्छ गॉजने बाहेर आलेल्या जागी आणि मानेजवळ जिथे ती शिरेत शिरते तिथेही दाबून धरा. मान, हात किंवा चेहरा सुजला, तर तो गुठळीचा इशारा असू शकतो, त्याच दिवशी दाखवा.

सातवी पायरी: लाइन काढणं

पेशी रुजल्या, औषधं तोंडाने घेता येऊ लागली, रक्त चढवणं थांबलं की लाइन काढतात. तात्पुरतं कॅथेटर बिछान्यावरच निघतं, मूल सपाट झोपलेलं हवं आणि नंतर काही वेळ दाब द्यावा लागतो. हिकमन काढायला मुलाला थोडी भूल देतात, कारण रुजलेला पट्टा सोडवावा लागतो. जखम भरेपर्यंत पाण्यापासून जपायचं. घरी येण्याआधी डिस्चार्जच्या कागदावर कोणत्या बाजूची कोणती शीर वापरली होती ते लिहून घ्या. पुढे कधी लाइन लागलीच, तर नव्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.